मधुमेह असलेली खेळकर मुले आणि 250 चा आकडा

1922 मध्ये एका 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले आणि व्यायामाने त्याचा परिणाम वाढतो हेही त्याच दशकात नोंदवले गेले. मात्र पुढची कित्येक दशके घरी केवळ लघवीच्या तपासणीवर भागवावे लागत असल्यामुळे, धावत्या मुलाच्या रक्तात त्या घटकेला किती साखर आहे हे कळायला मार्ग नव्हता. 1980 च्या सुमारास ग्लुकोमीटर घरात आले. 1993 च्या मोठ्या चाचणीने साखर काटेकोर ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांची हानी घटते हे सिद्ध केले, पण त्याच गटात तीव्र हायपोचे (रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे) प्रमाण सुमारे तिपटीने वाढले. खेळणाऱ्या मुलांच्या पालकांची खरी ओढाताण तेथून सुरू झाली.

सर्वाधिक वाद झाला तो व्यायामासाठी ठरवलेल्या रक्तातील साखरेच्या 250 मिग्रॅ प्रति डेसिलिटर या मर्यादेवरून. तिला आधार नव्हता असे नाही: शरीरात इन्सुलिन कमी पडून किटोन (साखरेऐवजी चरबी जाळल्याने तयार होणारी आम्लधर्मी द्रव्ये) वाढलेले असताना व्यायाम केल्यास साखर आणि किटोन दोन्ही आणखी चढतात, असे 1970 च्या दशकातील प्रयोगांत दिसले होते. म्हणून '250 च्या वर साखर आणि सोबत किटोन असल्यास व्यायाम टाळावा' अशी सूचना आली. व्यवहारात मात्र किटोनची अट अनेकदा विसरली गेली आणि आकडा तेवढा लक्षात राहिला. तासाभरापूर्वी खाऊन आलेले, किटोन नसलेले, मीटरवर 262 दाखवणारे मूल बाकावर बसवले जाई. वास्तविक सलग धावण्याच्या खेळात त्याची साखर बहुधा उतरलीच असती. या सरसकट मनाईने मुलांचे नुकसानच अधिक झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. रक्तातील किटोन घरी मोजता येऊ लागल्यावर 'साखर किती' याच्या जोडीला 'ती का वाढली' हा प्रश्न आला. 2017 च्या तज्ज्ञमतानुसार 270 च्या वरच्या साखरेचा अलीकडच्या जेवणाशी संबंध लागत नसेल तर किटोन तपासावेत, आणि ते प्रति लिटर 1.5 मिलिमोल किंवा अधिक असल्यास खेळ थांबवावा.

रात्री साखर उतरण्याचा धोका त्या मानाने उशिरा उमगला. दुपारच्या व्यायामानंतर 7 ते 11 तासांनी किशोरांची ग्लुकोजची गरज पुन्हा वाढते, हे 2007 च्या एका अभ्यासात दिसले; त्यामुळे अशा रात्री बेसल इन्सुलिन (दिवसरात्र संथपणे काम करणारे मूळ इन्सुलिन) सुमारे 20 टक्क्यांनी कमी करण्याचा सल्ला दिला जातो. 2016 पासून आलेले, साखरेनुसार इन्सुलिन आपोआप कमीजास्त करणारे स्वयंचलित पंप रात्र बरीच सांभाळतात, पण खेळाची पूर्वसूचना त्यांना एक ते दोन तास आधी द्यावी लागते आणि मुलांचा खेळ बहुतेक वेळा आयत्या वेळी ठरतो.