शीर दबली, पण कुठली?

मांडी घालून जेवायला बसलं आणि उठताना पाय लुळा पडला, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "रक्त थांबलं." तसं नसतं. गोंधळ 'शीर' या शब्दाचा. रक्तवाहिनीही शीर आणि मज्जातंतूही शीरच! इथे दबतो तो बहुधा मज्जातंतू. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला हाडाचा उंचवटा हाताला लागतो ना, त्याच्या जरा खाली एक मज्जातंतू कातडीलगत वळसा घेतो. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंना हुकूम तोच पोचवतो. तो दबला की पंजा लोंबतो, चप्पल घासते. कोपराला 'करंट' बसतो तेव्हाही मार हाडाला नाही, करंगळीकडे जाणाऱ्या मज्जातंतूला लागतो. मुंग्या 2-4 मिनिटांत जातात. पंजा उचलेनासाच झाला तर तेल चोळत बसू नका, डॉक्टर गाठा.