कैद्याचा शिधा ते ‘मानव विकास’ची एसटी

विदर्भ-मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या फाट्यावर सकाळी शाळेच्या वेळेला उभं राहिलं, की एक निळी एसटी येते. अंगावर मोठ्या अक्षरात ‘मानव विकास’. आत बहुतेक आठवी ते बारावीच्या मुली, मांडीवर दप्तर, तिघींच्या जागेत चौघी. तिकिटाची भानगड नाही. गावात त्या गाडीला ‘मानव विकास’ याच नावाने ओळखतात. ‘मानव विकास गेली का?’ असं विचारणाऱ्याला आपण संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाचं नाव घेतोय, याचा पत्ताही नसतो. असायचं कारणही नाही. पण हा शब्द एसटीच्या पत्र्यावर येऊन बसला, त्यामागे सव्वाशे वर्षांहून जुना एक वाद आहे: देशाचं बरं चाललंय की नाही, हे नुसत्या उत्पन्नावरून कळतं का?

या कहाणीची सुरुवात सहसा १९९० पासून, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल आला तेव्हापासून सांगतात. माझ्या मते ती मुंबईतून सांगायला हवी, आणि १८७६ पासून. त्या वर्षी दादाभाई नौरोजींनी ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. दादाभाई एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक राहिलेले, त्यामुळे भाषणबाजीपेक्षा आकडेमोड जास्त. प्रांताप्रांतातली लागवड, पीक, भाव धरून त्यांनी देशाचं एका वर्षाचं उत्पादन काढलं. मीठ, अफू, कोळसा, कारागिरी त्यात मिळवली, वर चूकभूल म्हणून ३० कोटी रुपये आणखी धरले, आणि ३४० कोटींवर आले. माणसं १७ कोटी. म्हणजे डोई वर्षाला २० रुपये. भारताच्या दरडोई उत्पन्नाचा हा पहिला अंदाज, आणि शाळेच्या पुस्तकात दादाभाई इथेच थांबतात.

खरे दादाभाई इथून पुढे सुरू होतात. वीस रुपये म्हणजे कमी की जास्त? कशाच्या मानाने? त्यांनी दोन मापं घेतली, दोन्ही सरकारच्याच दप्तरातली. एक, कलकत्त्याहून परदेशी मजुरीला जाणाऱ्या गिरमिट्यांना बोटीवर द्यायच्या शिध्याचं सरकारी प्रमाण: दिवसाला २० औंस तांदूळ, ६ औंस डाळ, शिवाय थोडं मटण, भाजी, तूप, तेल, मीठ. म्हणजे आजच्या मापात अर्ध्या किलोच्या वर तांदूळ आणि पावणेदोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर डाळ. दुसरं माप तुरुंगाचं. मुंबई इलाख्यात दरडोई उत्पादन निघालं २२ रुपये, आणि त्याच इलाख्यातल्या तुरुंगात एका कैद्याच्या अन्नवस्त्रावर वर्षाला सरकार खर्च करत होतं ४७ रुपयांच्या वर. मोकळा माणूस कैद्याच्या निम्म्यावर. त्यातही लग्नकार्य, मर्तिक, आजारपण, दुष्काळासाठी गाठीला काही, असलं काहीच धरलेलं नाही, हे त्यांनी स्पष्ट नोंदवलं.

म्हणजे ज्या निबंधात आपल्याकडे दरडोई उत्पन्न जन्माला आलं, त्याच निबंधात ते अपुरंही ठरलं. माणसाला काय लागतं हा प्रश्न इथे उत्पन्नाच्या मागून आलेला नाही. तो सोबतच आला.

अमेरिकेतही फार वेगळं घडलं नाही. महामंदीने कंबरडं मोडलेलं असताना सिनेटने राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशोब मागितला. अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये तो दिला, आणि देताना बजावलं की या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज जवळजवळ बांधता येत नाही. घरात बायका करतात ते काम त्यांनी हिशोबाबाहेर ठेवलं होतं आणि तसं सांगितलंही होतं. पुढे शस्त्रास्त्रांवरचा खर्च उत्पन्नातून वजा करावा असंही त्यांचं म्हणणं होतं. मग महायुद्ध आलं. युद्धात सरकारला हवी होती ती देशाची एकूण उत्पादनक्षमता, बेरीज हवी होती, वजाबाकी कोणाला ऐकायची? युद्धानंतर तीच बेरीज जगभर पाठवली गेली आणि इशारा अहवालात राहिला.

घरकामाबद्दलचा विनोद तर त्याच्याही आधीचा. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी म्हटलं होतं की मालकाने घर सांभाळायला ठेवलेल्या बाईशी लग्न केलं तर राष्ट्रीय उत्पन्न घटतं. काम तेच, पगार बंद. हसून सोडून दिलेली ही गोष्ट सत्तरहून जास्त वर्षांनी पुन्हा येईल.

स्वतंत्र भारतात दादाभाईंचा धागा उचलला पुण्याने. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी लागतात असं धरून, १९६०-६१ च्या भावाने तेवढं अन्न मिळवणाऱ्या कुटुंबाचा दरडोई खर्च त्यांनी पाहिला. खेड्यात महिन्याला १५ रुपये, शहरात साडेबावीस. म्हणजे खेड्यात दिवसाला आठ आणे, शहरात बारा आणे. या रेषेखाली खेड्यातली साधारण ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं होती.

आणि मग पुण्यातच त्यावर वाद पेटला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला संख्याशास्त्राचं काम करून परतलेले पां. वा. सुखात्मे म्हणाले, एकच माणूस दर दिवशी, दर आठवड्याला सारखं खात नाही. शरीर स्वतःला जुळवून घेतं. सरासरी गरज हीच रेषा धरली तर धडधाकट माणसंही उपाशी मोजली जातील. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. वाद वर्षानुवर्षं चालला. वरवर तो कॅलरींचा वाटतो, पण मुद्दा मोठा होता: पोटात गेलेलं मोजायचं की त्यातून माणसाला काय करता येतं ते? सुखात्म्यांचा आग्रह स्वच्छ पाणी आणि आरोग्यावर होता, कारण जुलाब लागलेल्या पोराच्या पोटात कॅलरी टिकत नाहीत. हे सगळं ‘क्षमता’, म्हणजे माणसाला प्रत्यक्षात काय करता येतं, हा शब्द अर्थशास्त्रात रुळायच्या आसपासचं. अमर्त्य सेन यांनी समता नेमकी कशाची, हा प्रश्न टाकणारं व्याख्यान १९७९ मध्ये दिलं.

त्याच वर्षी अमेरिकेत मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी जीवनमानाचा एक निर्देशांक मांडला. हे मॉरिस म्हणजे मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांच्या इतिहासावर काम केलेले तेच. साक्षरता, बालमृत्यू आणि वयाच्या पहिल्या वर्षानंतरचं आयुर्मान, एवढ्या तीनच गोष्टी, समान वजनाने, शून्य ते शंभर. उत्पन्नाला त्यात जागाच नव्हती. श्रीलंका आणि केरळ त्यात श्रीमंत देश-राज्यांना मागे टाकत होते. केरळचं हे कोडं तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने १९७५ मध्येच मांडलेलं होतं: खिशात कमी, आयुष्य लांब.

आता तो १९९० चा अहवाल काढणारे महबूब उल हक. जन्म १९३४, जम्मूचा. फाळणीनंतर पाकिस्तानात. १९५३ मध्ये केंब्रिजला शिकायला गेले तेव्हा तिथे ढाक्याकडचा एक तरुण भेटला, अमर्त्य सेन. दोघांचे देश वेगळे, पण मैत्री जन्मभराची. साठच्या दशकात हक पाकिस्तानच्या नियोजन आयोगाचे मुख्य अर्थतज्ज्ञ होते. वाढीचा दर झकास होता, जगात कौतुक होत होतं. १९६८ मध्ये कराचीत त्यांनीच भाषणात सांगून टाकलं की देशातल्या उद्योगांचा दोन-तृतीयांश हिस्सा २२ कुटुंबांच्या हातात आहे. ज्याने वाढीची योजना आखली त्यानेच वाढ कुठे जिरली ते दाखवलं. ‘बावीस कुटुंबं’ ही पाकिस्तानात पुढे घोषणाच झाली. नंतर जागतिक बँक, मग पाकिस्तानचं अर्थमंत्रिपद, आणि १९८९ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमात.

तिथे हकनी सेनना सांगितलं, मला एक आकडा हवा आहे. सेन नको म्हणाले. माणसाचं आयुष्य एका आकड्यात कोंबणं त्यांना ढोबळ, अगदी गावठी वाटलं. हक यांचं उत्तर सेननीच पुढे लिहून ठेवलं आहे. आशय असा: दरडोई उत्पन्नाइतकाच ढोबळ आकडा हवा, फक्त तो माणसाच्या आयुष्याबाबत त्याच्याइतका आंधळा नसावा. कोष्टकांची चवड लोक वाचत नाहीत, आकडा वाचतात. सेन अखेर राजी झाले. सल्लागारांत रुईया कॉलेजात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ मेघनाद देसाईही होते.

१९९० च्या पहिल्या अहवालातली एक जोडी मला आजही सगळ्यात बोलकी वाटते. श्रीलंकेचं दरडोई उत्पन्न ४०० डॉलर, सौदी अरेबियाचं ६,२००. आयुर्मान श्रीलंकेत ७१, सौदीत ६४. प्रौढ साक्षरता ८७ टक्के आणि ५५ टक्के. पंधरापट पैसा, सात वर्षं कमी आयुष्य.

हकना हवा असलेला आकडा म्हणजे मानव विकास निर्देशांक. त्यात तीन गोष्टी आल्या: आयुर्मान, साक्षरता, उत्पन्न. उत्पन्न ठेवलं, पण लॉगॅरिदम घेऊन. हजार कमावणाऱ्याला आणखी हजार मिळाले तर घर बदलतं, लाखवाल्याला कळतही नाही, हे त्यातून गणितात आलं. टीका लगेच सुरू झाली. अर्थशास्त्रज्ञ टी. एन. श्रीनिवासन यांनी १९९४ मध्ये हा नवा विचार की चाकाचा पुन्हा शोध, असा खोचक सवाल केला. एक दोष खरंच मोठा होता. तीन गुणांची साधी सरासरी घेतली की एकातली कमतरता दुसऱ्याने भरून निघते. आयुर्मानाला ०.९, उत्पन्नाला ०.९ आणि शिक्षणाला ०.३ असेल तर सरासरी ०.७, ठीकठाक. २०१० मध्ये पद्धत बदलली: तिन्ही गुणून घनमूळ. तोच देश ०.६२ वर येतो. शिक्षणातली हयगय झाकता येत नाही. साक्षरताही गेली, तिच्या जागी शाळेत घालवलेली वर्षं आली.

आणि पिगूंची ती बाई? १९९५ च्या अहवालात हकनी न मोजलेल्या कामाची जगभरची किंमत काढली: १६ लाख कोटी डॉलर, त्यातले ११ लाख कोटी बायकांच्या कामाचे. भारतात २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो असं दिसलं, पुरुषांचा ९७. मुख्य निर्देशांकात मात्र ही मिनिटं अजूनही नाहीत.

भूतानच्या राष्ट्रीय सुखाचं कौतुक पुष्कळ झालं आहे, फ्रान्सने २००८ मध्ये स्टिग्लिट्झ, सेन आणि फितूसी यांचा आयोगही नेमला. ते विषय स्वतंत्र. आपल्याकडे ज्याने बजेट हललं तो हकचा आकडा.

१९९५ मध्ये मध्य प्रदेशाने देशातला पहिला राज्य मानव विकास अहवाल काढला. महाराष्ट्राचा आला २००२ मध्ये. उत्पन्नात पुढारलेल्या राज्याची जिल्हावार चिरफाड झाली. वर मुंबई, तळाला गडचिरोली, २०१२ च्या अहवालात तळाला नंदुरबार. (मुंबई वर म्हणजे कुठली मुंबई, हे विचारायची सोय जिल्ह्याच्या सरासरीत नसते.) २००६ मध्ये राज्याने मानव विकास मिशन स्थापन केलं, मुख्यालय औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. २०११ पासून त्याची व्याप्ती १२५ तालुक्यांपर्यंत गेली. अभ्यासिका, आरोग्य तपासणी शिबिरं, मुलींना सायकली, ती निळी एसटी. आणि गरोदर बाईला शेवटच्या दिवसांत व बाळंतपणानंतर कामाला जाता येत नाही म्हणून दिली जाणारी रक्कम. तिचं सरकारी नाव ‘बुडीत मजुरी’. अनुदान नाही, मदत नाही. मजुरी, जी बुडाली.

आठवीतली मुलगी त्या एसटीत बसून शाळेत गेली, की ‘अपेक्षित शालेय वर्षं’ या रकान्यात तिची नोंद त्याच वर्षी होते. त्याच्या शेजारचा रकाना ‘सरासरी शालेय वर्षं’. तो फक्त २५ वर्षांवरच्या माणसांचा. तिथे यायला तिला अजून बारा वर्षं आहेत.