वार्धक्यातील विषाणुजन्य श्वसनसंसर्ग

फ्लू, कोविड-१९, आरएसव्ही (श्वसनमार्गाला ग्रासणारा एक विषाणू) यांसारखे संसर्ग साठी-पासष्टीनंतर अधिक गंभीर होतात. विषाणू तोच असतो, त्याला तोंड देणारे शरीर बदललेले असते. नातू चार दिवस शिंकून शाळेत जातो, त्याच संसर्गाने आजीला न्यूमोनिया होतो.

विषाणू शिरताच पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. उतारवयात हा इशारा उशिरा आणि क्षीण निघतो. टी-पेशी (विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घडवणारी छातीतली थायमस ग्रंथी लहानपणापासूनच आकसू लागते, त्यामुळे अनोळखी विषाणू ओळखणाऱ्या कोऱ्या पेशी म्हातारपणी थोड्याच उरतात. २०२०मध्ये कोविड वृद्धांना इतका जड गेला, त्याचे हे एक कारण. त्यातच शरीरात मंद दाह कायम धुमसत असतो. क्लाउडिओ फ्रान्सेस्की व सहकाऱ्यांनी २०००मध्ये त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ म्हटले. म्हणजे प्रतिकार सुरू उशिरा होतो आणि आटोपतही नाही. फुप्फुसाची हानी पुष्कळदा त्यातूनच होते. बरगड्या ताठरलेल्या, खोकल्यात जोर नाही, म्हणून कफ आतच साचतो आणि त्यावर जिवाणू वाढतात.

सोलापुरात यात कष्टाची भर पडते. पूर्व भागात यंत्रमागावर आयुष्य काढलेल्यांच्या छातीत सुताची धूळ गेलेली असते, घरी विड्या वळणाऱ्या बायकांच्या छातीत तंबाखूची. अशा धुळीने श्वासनलिका आधीच सुजलेल्या असू शकतात. सत्तरीतल्या विडी कामगार बाईचा खोकला ‘नेहमीचाच’ म्हणून सोडून देणे म्हणूनच धोक्याचे.

सर्वांत फसवी गोष्ट तापाची. वृद्धांना ताप अनेकदा येतच नाही. जेवण सुटते, बोलणे असंबद्ध होते, न्हाणीघरात तोल जातो, दिवसभर गुंगी राहते. ‘अंग तर गार आहे’ म्हणत घरचे थांबतात आणि उपचाराचे मोलाचे दिवस निघून जातात. नेहमीच्या तापमानापेक्षा दोन अंश फॅरनहाइटने वाढ झाली तरी तो ताप समजावा. धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर लगेच रुग्णालय गाठावे.

धोका छातीपुरता राहत नाही. कॅनडातील २०१८च्या एका अभ्यासात फ्लूच्या निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळले.

लसीचा परिणामही वृद्धांत कमी होतो, तरी गंभीर आजार तिने टळू शकतो. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात आणि हिवाळ्यात वाढतो. सोलापुरातली सिद्धेश्वरांची गर्दीची गड्डा यात्राही जानेवारीतच भरते. तिथून खोकत परतलेल्याने काही दिवस आजी-आजोबांच्या खोलीत झोपू नये.