ऑस्ट्रेलियातील फॅमिली डे केअर : नियमांमागचा इतिहास

ऑस्ट्रेलियात स्वतःच्या घरी इतरांची मुले सांभाळणाऱ्या फॅमिली डे केअर एज्युकेटरना गेली काही वर्षे सतत नवनव्या नियमांना सामोरे जावे लागत आहे. एकेक बदल सुटा वाचला, तर तो कागदपत्रांचा वाढीव बोजा वाटतो. पण तो कोणत्या परिस्थितीत आला हे पाहिले, की या व्यवस्थेतील जुना पेच लक्षात येतो. सरकारने या महिलांवर शिक्षकांची जबाबदारी टाकली, पण उत्पन्नाच्या बाबतीत त्यांतील बहुतेकींना स्वतंत्र कंत्राटदारच राहू दिले.

1972 च्या चाइल्ड केअर कायद्याने ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने बालसंगोपनासाठी प्रथमच पद्धतशीर अर्थसाहाय्य सुरू केले, परंतु ते विना-नफा केंद्रांसाठी होते. विवाहित स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीत येत होत्या आणि त्या प्रमाणात केंद्रे उभी राहत नव्हती. मेलबर्नमध्ये ब्रदरहूड ऑफ सेंट लॉरेन्स या समाजसेवी संस्थेने त्याच सुमारास शेजारच्या घरांत मुले सांभाळण्याची योजना प्रायोगिक स्वरूपात राबवली. आपल्याकडच्या घरगुती पाळणाघरासारखीच ही सोय होती. फरक इतकाच, की घर निवडणे, त्याची पाहणी करणे आणि अडचणीला धावून जाणे हे काम एका समन्वयकाकडे सोपवलेले होते. इमारत बांधावी लागत नसल्याने सरकारलाही ती परवडणारी वाटली, आणि 1970 च्या दशकाच्या मध्यापासून केंद्राचा निधी मिळू लागल्यावर ती देशभर पसरली. अनेक ठिकाणी स्थानिक नगरपालिकांनीच ती चालवली.

पुढचा मोठा टप्पा 1 जानेवारी 2012 रोजी आला. त्या दिवसापासून लागू झालेल्या राष्ट्रीय गुणवत्ता चौकटीने घरातील सेवेलाही केंद्रांच्याच कायद्याखाली आणले. एका एज्युकेटरकडे एका वेळी जास्तीत जास्त सात मुले, आणि त्यांपैकी शाळेत न जाणारी चारच, ही मर्यादा ठरली. घरात मुलांकडे पाहणारे दुसरे प्रौढ माणूस नसेल, तर एज्युकेटरची स्वतःची तेरा वर्षांखालील मुलेही या संख्येत धरली जातात. म्हणजे जिची स्वतःची दोन मुले अजून शाळेत जात नाहीत, तिला त्या वयाची बाहेरची दोनच मुले घेता येतात. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ही मर्यादा योग्यच आहे, परंतु तिचा आर्थिक भार केंद्राच्या मालकासारखा इतर वर्गांवर विभागता येत नाही; तो त्या एका घराच्या उत्पन्नावरच पडतो.

आजच्या कडक देखरेखीचे मूळ मात्र 2010 च्या दशकातील गैरव्यवहारांत आहे. अनुदान पालकांच्या हाती न देता अनेक एज्युकेटरना जोडून सेवा चालवणाऱ्या प्रदात्यामार्फत एज्युकेटरकडे जात असे, आणि प्रत्यक्ष सेवा खासगी घरांत होत असल्याने मूल खरोखर तिथे होते की नाही हे तपासणे कठीण होते. त्याचा फायदा घेऊन काही संचालकांनी न सांभाळलेल्या मुलांचे तास दाखवून मोठ्या रकमा उचलल्या, काही प्रकरणांत तुरुंगवासाच्या शिक्षाही झाल्या. दोन एज्युकेटरनी एकमेकींची मुले सांभाळल्याचे दाखवून दोघींनी अनुदान घेण्याचा प्रकारही फोफावला होता, त्यावर 2015 च्या अखेरीस निर्बंध आले. ऑक्टोबर 2017 पासून नव्या सेवेला पहिल्या वर्षी दर पंधरा एज्युकेटरमागे आणि त्यानंतर दर पंचवीस एज्युकेटरमागे एक समन्वयक ठेवणे बंधनकारक झाले. माझ्या मते हे पाऊल फार आधीच उचलायला हवे होते, कारण नियमित घरभेट देणारा समन्वयक असता तर खोट्या हजेऱ्या इतक्या दीर्घकाळ चालल्या नसत्या. उलट, मधल्या काळात, जुलै 2015 पासून, अशा सेवांना मिळणारे कम्युनिटी सपोर्ट प्रोग्राम या सरकारी योजनेचे साहाय्य निकष बदलून बहुतेकांसाठी बंद झाले. देखरेखीची अपेक्षा वाढत असतानाच तिच्यासाठीचा पैसा काढून घेतला गेला, आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या सेवांना तो खर्च शुल्कातून भागवावा लागला.

जुलै 2018 मध्ये दोन जुन्या अनुदानांच्या जागी चाइल्ड केअर सबसिडी आली आणि तिच्यासोबत अनुदानासाठी धरल्या जाणाऱ्या तासाच्या दराची कमाल मर्यादाही आली. 2018-19 मध्ये ही मर्यादा केंद्रांसाठी 11.77 डॉलर, तर फॅमिली डे केअरसाठी 10.90 डॉलर होती. करोनाच्या काळात, 6 एप्रिल ते 12 जुलै 2020 दरम्यान, पालकांसाठी सेवा मोफत झाली आणि सेवांना आधीच्या शुल्काच्या सुमारे निम्मी रक्कम सरकारकडून मिळाली. मुले येत राहिली, जोखीम वाढली आणि मिळकत घटली. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून जॉबकीपर ही करोनाकाळातील सरकारी वेतन-मदत काहींना घेता आली, पण तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या बहुतेक एज्युकेटर तिच्याबाहेर राहिल्या. या व्यवसायात स्थलांतरित स्त्रियांचा वाटा मोठा असल्याने हा अपवाद किरकोळ नव्हता.

जुलै 2023 पासून पालकांनी भरायची उरलेली रक्कम इलेक्ट्रॉनिक मार्गानेच घ्यावी लागते, हा नियम खोट्या हजेऱ्यांच्या त्याच इतिहासातून आलेला आहे. सप्टेंबर 2025 पासून शारीरिक वा लैंगिक अत्याचाराच्या आरोपाची माहिती सात दिवसांऐवजी 24 तासांत नियामकाला द्यावी लागते. एकट्याने घरात काम करणाऱ्या बाईसाठी हा नियम मुलांइतकाच तिच्याही संरक्षणाचा आहे, म्हणून त्याचे स्वागत व्हायला हवे. 5 जानेवारी 2026 पासून पालकांच्या कामाच्या तासांची अट बाजूला ठेवून पात्र कुटुंबांना पंधरवड्याला किमान 72 तासांचे अनुदान मिळू लागले. त्यामुळे अर्धवेळ काम करणाऱ्या आणि काम शोधणाऱ्या कुटुंबांना आठवड्याला तीन दिवसांची सेवा घेता येईल, आणि रात्रपाळीच्या वा लवकर सुरू होणाऱ्या नोकऱ्या करणाऱ्या पालकांना केंद्रापेक्षा घरातील वेळ अधिक सोयीची असल्याने त्यातील बरीचशी मागणी याच एज्युकेटरकडे येऊ शकते. मात्र सात मुलांची मर्यादा आणि केंद्रांपेक्षा कमी असलेली दराची कमाल मर्यादा या दोन्ही गोष्टी तशाच आहेत.