जंबो भोपळ्याचं बी नेलंत, आता फुलांचं काय?

आमच्याकडून बी नेलेल्या ग्राहकांचा दरवर्षी एक फोन ठरलेला असतो. "वेल अंगणभर पसरलीय, रोज फुलं येतात, पण एकही भोपळा धरत नाही. बी वांझ दिलंत का?" बी वांझ नाही. सुरुवातीला वेलीवर नुसती नर फुलं येतात आणि ती गळायचीच. भजी करा त्यांची.

मादी फूल ओळखायला पाकळ्यांच्या खाली पाहा. तिथं इवलासा गोल भोपळा आधीच बसलेला असतो. नर फुलाचा देठ नुसता लांब आणि सरळ.

भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, ऊन चढलं की मिटतं आणि पुन्हा उघडत नाही. पराग जड आणि चिकट, वाऱ्यानं उडत नाहीत. म्हणजे त्या तीन-चार तासांत मधमाशी यायला हवी. पावसाच्या झडीत ती बाहेर पडत नाही, शहरात उंच गच्चीवर फारशी फिरकत नाही, आणि कुणी सकाळी औषध फवारलं असेल तर संपलंच. (औषधं आम्हीही विकतो, तरी सांगतो: फुलोऱ्यात फवारणी टाळा. करावीच लागली तर संध्याकाळी.)

म्हणून हे काम आपल्या हातानं करायचं. आदल्या संध्याकाळी कळ्या न्याहाळा. जिचं टोक पिवळं झालंय ती उद्या उमलणार. अशी एक मादी आणि दोन-तीन नर कळ्या निवडा आणि टोकाला दोऱ्याची सैल गाठ मारा. नर कळ्या बांधायला लोक विसरतात. न बांधलेलं फूल पावसात भिजतं आणि भिजलेले पराग कुचकामी. सकाळी नऊच्या आत नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या काढून टाका, आणि मधला पिवळी भुकटी लागलेला दांडा मादी फुलाच्या आतल्या फुगीर गोळ्यांवर हलक्या हातानं फिरवा. एकही गोळा सुटू देऊ नका. पराग कमी पडले की फळ एका अंगानं वाकडं वाढतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. मग फूल पुन्हा बांधून देठाजवळ तारखेची चिठ्ठी लावा. दुधी-दोडक्याचं वेळापत्रक उलटं, त्यांची फुलं संध्याकाळी उमलतात.

फळ फुगायला लागलं की जमलं. कडक उन्हाळ्यात मात्र सगळं नीट करूनही फळ गळू शकतं.

आकाराबद्दल खरं ते सांगतो. जगातले अजस्र भोपळे बहुतेक 'अटलांटिक जायंट' वाणाचे, कॅनडातल्या हॉवर्ड डिल यांनी तयार केलेल्या. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बेच्या स्पर्धेत १,२४७ किलोचा भोपळा आला होता. आपल्या हवेत त्या आकड्याच्या मागे लागू नका. कुंडीत तर नाहीच. तरीही मोठं फळ हवं असेल तर मुळापासून तीनेक मीटर पुढची तीन-चार मादी फुलं फळवा, दोन आठवडे वाट पाहा, आणि सर्वात जोमाचं एकच फळ ठेवून बाकीची काढा. इथं ग्राहकांचा हात थरथरतो. काढलेल्या कोवळ्या फळांची भाजी उत्तम होते.

ठेवलेल्या फळाखाली वाळूचा थर द्या आणि फळमाशीपासून वाचवायला त्यावर कापडी पिशवी चढवा. सापळा लावणार असाल तर क्यू-ल्युअरचा (माशीला वासानं ओढणारं एक रसायन) मागा. आंब्याच्या बागेतला मिथाइल युजेनॉलचा (असंच दुसरं रसायन) सापळा भोपळ्यावरच्या माशीला चालत नाही.