कोंबडी पिसं गाळतेय? आधी खुराक बघा
(परसात कोंबड्या पाळणाऱ्या आमच्या इंदूरच्या ग्राहकांसाठी)

दिवाळी उलटली की दुकानात रोज कुणीतरी विचारतंच: "खुराड्यात पिसांचा सडा पडलाय, अंडी बंद झालीत, कुठलं औषध देऊ?" बहुतेकांना आम्ही औषध न देताच परत पाठवतो. गिऱ्हाईक जरा नाराज होतं, पण पिसं गळणं हा आजार नाही.

जूनमध्ये इंदूरचा दिवस साधारण साडेतेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो पावणेअकरावर येतो. दिवस आखडू लागले की दीडेक वर्षाची कोंबडी जुनी पिसं टाकून नवी धरते. आधी डोकं आणि मान, मग अंग, शेवटी पंख नि शेपूट. दोन-तीन महिने हे चालतं. काहींचं कळतही नाही; काही आठवडाभरात अर्ध्या उघड्या पडतात. अशी उघडी पडलेली बघवत नाही, पण झपाट्यानं गाळणारी बहुतेकदा चांगली अंडी देणारीच असते.

पीस म्हणजे जवळजवळ ८५ टक्के प्रथिन. लेअर मॅशमध्ये (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य) ते १६ ते १८ टक्के असतं, या दिवसांत २० तरी हवं. आपण मात्र थंडी म्हणून मका वाढवतो, सकाळचे उरलेले पोहे टाकतो. मक्यात प्रथिन जेमतेम ८-९ टक्के. पोट भरतं, पीस उगवत नाही. आणि शेव अजिबात नको, त्यातलं मीठ कोंबडीला बाधतं. (इंदुरात हे सांगायला धाडस लागतं!)

त्यापेक्षा निम्मा लेअर मॅश आणि निम्मा ब्रॉयलर स्टार्टर (मांसासाठी वाढवायच्या पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य) मिसळा. स्टार्टरच्या काही पिशव्यांत औषध मिसळलेलं असतं. एखादी कोंबडी अजून अंडी देत असेल तर बिनऔषधाची पिशवी मागा. उकडलेलं अंडं कुस्करून घातलंत तरी चालेल. सोयाबीन आपल्या माळव्यात घरोघरी, पण कच्चं पचत नाही, नीट भाजूनच द्या. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला हवा ती खाईल.

नवं पीस आधी खुंटासारखं येतं: निळसर नळी, आत रक्त. ती दुखते, मोडली तर रक्त येतं, आणि रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच टोचतात. म्हणून उचलणं, कुरवाळणं बंद. मुलांनाही सांगून ठेवा. कडकनाथची कातडीच काळी, तिचे खुंट चटकन दिसत नाहीत, तिला जास्त जपा. जखम झाली तर वेगळी ठेवा.

रात्री पारा १० अंशांखाली गेला तर वाऱ्याच्या बाजूला पोतं लावा, वरची फट मात्र उघडी राहू द्या. स्वेटर घालू नका, खुंटांना घासतो.

तुरा काळवंडला, हगवण लागली, श्वास घरघरतोय, दाणा सोडलाय, तर वाट न बघता पशुवैद्याकडे न्या. शेपटीखाली पिसांच्या मुळाशी उवांच्या अंड्यांचे पांढरे गठ्ठे दिसले किंवा रात्री बॅटरी मारल्यावर दांडीच्या फटीत तांबडे किडे हलले, तर ती पिसं ऋतूमुळे गळत नाहीत. तेव्हा दुकानात या, औषध देऊ.

तुरा पुन्हा लालभडक होऊ लागला की आठवड्याभरात हळूहळू लेअर मॅशवर परत आणा. दिवस लहान असल्यानं काहींची अंडी संक्रांतीनंतरच सुरू होतात. पहिली एक-दोन पातळ कवचाची आली तरी घाबरून कॅल्शियमची बाटली घ्यायला येऊ नका.