अ‍ॅड्रिनलच्या गाठीत लिम्फोमाची शंका: आधी रक्त, मग सुई

सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ’ (अ‍ॅड्रिनल म्हणजे मूत्रपिंडाच्या वरची ग्रंथी) असं वाचलं की पहिला प्रश्न येतो तो बायोप्सीचा. आम्ही मात्र आधी रक्त मागतो. कारण फिओक्रोमोसायटोमा नावाच्या, अ‍ॅड्रेनालाइनसारखी संप्रेरकं सोडणाऱ्या गाठीत सुई गेली, तर रक्तदाब एकदम धोकादायक पातळीला चढू शकतो. ती शक्यता मेटानेफ्रिनच्या (त्या संप्रेरकांपासून बनणाऱ्या पदार्थांच्या) तपासणीने आधी खोडून काढावी लागते. या तपासणीसाठी रक्त काढण्याआधी २० ते ३० मिनिटं आडवं पडून राहायचं असतं, तेव्हा वेळ काढून या. काही औषधांमुळे आकडे फसवे येतात, म्हणून चालू गोळ्यांची यादीही आणा.

दुसरी तपासणी कॉर्टिसॉल या अ‍ॅड्रिनलच्या संप्रेरकाची, सकाळी ८ च्या सुमारास. अ‍ॅड्रिनलमध्येच सुरू होणारा लिम्फोमा (लिम्फ पेशींचा कर्करोग) फार दुर्मीळ. तो बहुतेकदा दोन्ही बाजूंना असतो आणि ग्रंथीचं काम बंद पाडू शकतो. थकवा, वजन घटणं, चक्कर, त्वचा काळवंडणं ही त्याची लक्षणं वयावर ढकलली जातात, कारण रुग्ण बहुधा साठीच्या पुढचे असतात. एलडीएच (रक्तातलं एक एन्झाइम) वाढलेलं असेल तर शंका बळावते, पण तेवढ्यावर निदान होत नाही.

पक्कं निदान गाठीच्या तुकड्यावरच. बारीक सुईने ओढलेल्या पेशी सहसा पुरत नाहीत; जाड सुईची कोअर बायोप्सी लागते. त्यावर सीडी२० वगैरे मार्कर (पेशींवरची ओळखीची प्रथिनं) तपासून प्रकार ठरतो. बहुतेकदा तो डिफ्यूज लार्ज बी-सेल हा वेगाने वाढणारा प्रकार निघतो. बायोप्सीआधी स्टेरॉइड सुरू झालं असेल तर लपवू नका, त्याने लिम्फोमाच्या पेशी विरघळून रिपोर्ट अस्पष्ट येऊ शकतो. (कॉर्टिसॉल धोक्याइतकं कमी असेल तर हायड्रोकॉर्टिसोन हे त्याची उणीव भरणारं स्टेरॉइड द्यावंच लागतं, तिथे थांबायचं नाही.)

आजार कुठवर पसरलाय ते पेट-सीटी या शरीरभराच्या स्कॅनमध्ये दिसतं. गाठ कापून काढणं हा इथे इलाज नव्हे. सहसा दर २१ दिवसांनी आर-चॉप केमो (रितुक्सिमॅब, डॉक्सोरुबिसिन आणि इतर औषधं मिळून) देतात. त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी चुकवू नका, कारण रितुक्सिमॅबमुळे दबलेला विषाणू जागा होऊ शकतो. डॉक्सोरुबिसिनसाठी हृदयाचा इको लागतो. हा लिम्फोमा मेंदूत परत उद्भवण्याचा धोका जास्त, म्हणून डॉक्टर पाठीतलं पाणी तपासायला किंवा मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध घ्यायला सांगू शकतात.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल तर बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड (त्याचे काचेवरचे काप) मागून घ्या. नुसत्या रिपोर्टच्या कागदावरून कुणी नीट मत देऊ शकत नाही.

हायड्रोकॉर्टिसोन चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नका. ताप किंवा उलट्या झाल्या तर डोस वाढवावा लागतो. किती वाढवायचा हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.